वेलदोडा की गारगोटी?

भाच्याचं लग्न तोंडावर आलं तशी बायको म्हणाली, "या वेळी तो डिओ नको. जरा माणसासारखा वास येऊ दे." माणसासारखाच वास येतो ही तर खरी अडचण, पण मी वाद घातला नाही.

मॉलमधल्या परफ्यूमच्या काउंटरवर वास मारलेल्या कागदाच्या ११ पट्ट्या हुंगल्या. सहावीनंतर सगळ्यांना नव्या रेक्झिनचा वास यायला लागला. तिथल्या मुलीने नाक ताळ्यावर यावं म्हणून कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. मला सगळ्यात आवडली ती ती वाटीच, पण ती विकायला नव्हती.

शेवटी दोन परफ्यूम उरले. कार्तिएचं 'देक्लरास्याँ', १९९८ सालचं, आणि एर्मेसचं 'तेर द'एर्मेस', २००६ सालचं. दोन्ही मसालेदार, दोन्हींत लाकूड, आणि दोन्ही घडवणारा माणूसही एकच, ज्याँ-क्लोद एलेना. आचारी एकच, पंगती दोन. पहिल्यात वेलदोडा ठसठशीत, जिऱ्याचाही मला भास झाला. दुसऱ्यात संत्रं, मिरी, वाळा आणि चक्क गारगोटी! लहानपणी अंधारात पांघरुणाखाली दोन गारगोट्या घासून ठिणग्या पाडायचो, तेव्हा जो किंचित जळका वास यायचा, तोच. आम्हाला तो फुकट मिळत होता. इथे बाटलीच्या किमतीत महिन्याचा किराणा येतो.

"लगेच ठरवू नका सर," मुलगी म्हणाली. "पहिला वास उडून जातो. खरा तीन-चार तासांनी कळतो."

म्हणून डाव्या मनगटावर कार्तिए, उजव्यावर एर्मेस घेऊन निघालो. तेव्हा कळलं की उजवा हात असल्या परीक्षेला बसवायच्या लायकीचा नाही. त्याने स्कूटर पिळली, पेट्रोलचे पैसे दिले, वाटेत वडापावातली लसणाची चटणी सावरली. डाव्याला काम नव्हतं, पण त्याच्यावर घड्याळाचा घामट चामडी पट्टा होता. सिग्नलला आळीपाळीने मनगटं हुंगत होतो, तर शेजारचा रिक्षावाला काळजीने म्हणाला, "काका, चक्कर येतीय का? कांदा आणू?"

घरी आईपुढे आधी डावा हात धरला.

"श्रीखंड आणलंस?"

मग उजवा. तिने हात धरून ठेवला, दोनदा हुंगला. "माठात वाळा घालायचा राहिलाय. बरी आठवण केलीस."

बायकोने मात्र रीतसर डोळे मिटून दोन्ही मनगटं हुंगली. मी श्वास रोखून उभा.

"वडापाव खाल्लास ना? डॉक्टर काय म्हणाले होते?"

साबणाने दोनदा हात धुतले. लसूण गेला नाही, पण वाळाही हटला नाही. तिथेच तेरचं नक्की झालं. वेलदोडा मात्र घड्याळाच्या पट्ट्यात अजून मुरलेला आहे. किती वाजले बघायला जावं, तर भूक लागते.