हेरकथेवर शेरा कसा मारावा

सुरुवात शेवटच्या पुस्तकापासून करा. अ‍ॅलन फर्स्ट या अमेरिकन लेखकाने १९८८ ते २०१९ या काळात एकाच मालिकेत पंधरा कादंबऱ्या लिहिल्या, सगळ्या दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे युरोपात घडणाऱ्या. तुम्ही थेट पंधरावी उचला, चाळिसाव्या पानापर्यंत नेटाने जा आणि म्हणा, ‘पहिल्यांची सर नाही.’ पहिल्या वाचलेल्या नसल्या तरी बिघडत नाही. वाचलेल्या असल्या की उलट हे वाक्य म्हणताना जीभ अडखळते.

मग पेन्सिल घ्या. आमच्या वाचनालयात या मालिकेतली चार पुस्तकं आहेत आणि चारही पुस्तकांना समासात भाष्यकार लाभलेले आहेत. त्यातल्या एकाचं अक्षर बारीक, तिरकं, शिसं टोकदार. निवृत्त लेखापरीक्षक असावेत असा माझा अंदाज. त्यांनी दर दहा-बारा पानांनी ‘काहीच घडत नाही’ असं नोंदवलं आहे आणि पुढे एक पात्र मरतं तिथे ‘उगाच मारला’. एका ‘काहीच घडत नाही’च्या खाली दुसऱ्या कुणीतरी निळ्या बॉलपेनने विचारलंय, ‘मग वाचता कशाला?’ त्याखाली पुन्हा तेच तिरकं अक्षर: ‘वर्गणी भरली आहे.’ म्हणजे साहेबांनी हे पुस्तक दुसऱ्यांदा नेलं होतं. असा वाचक मिळायला लेखकाचं नशीब लागतं. तुम्हीही तसं व्हायचा प्रयत्न करा.

मालिका म्हटलं की एक सोय असते, तक्रार दोन्ही बाजूंनी करता येते. फर्स्टच्या जवळजवळ प्रत्येक कादंबरीत पॅरिसमधलं ‘ब्रासेरी हाइनिंगर’ हे रेस्टॉरंट येतं. लाल गाद्या, शँपेन, मोठमोठे आरसे, आणि चौदा नंबरच्या टेबलामागच्या आरशाला गोळीचं एक भोक. पहिल्या कादंबरीत तिथल्या बल्गेरियन मुख्य वेटरचा खून होतो त्या रात्रीचं ते भोक, मालकांनी मुद्दाम तसंच ठेवलेलं. पुढे कुठलाही नायक, पोलिश असो की हंगेरियन, कधीतरी तिथे जेवायला जातोच. टेबल आलं की लिहा, ‘पुन्हा तेच!’ नाही आलं तर लिहा, ‘टेबल कुठे गेलं?’ आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. ‘पुन्हा झुंजारच का?’ असं म्हणणारा वाचक त्या काळी असलाच, तर पुढच्या पुस्तकासाठी सगळ्यात आधी तोच येऊन उभा राहत असणार.

चुका काढणं हा या सोहळ्यातला मानाचा विधी. त्याला अभ्यास लागतो असा गैरसमज आहे. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसात शिरलं आणि शहराची घड्याळं तासभर पुढे करून बर्लिनच्या वेळेला लावली गेली. एवढं एक पाठ करा. नायकाने मनगटाकडे पाहिलं रे पाहिलं की समासात टाका, ‘कुठली वेळ?’ पुढच्याला वाटतं, बाप रे, केवढं वाचन! तसंच कॉफीचं. त्या काळात पॅरिसमध्ये खरी कॉफी मिळेनाशी झाली होती, भाजलेले जव नाही तर चिकोरी उकळून पीत. तेव्हा नायिकेने कपभर कॉफी प्यायली की ‘बिया कुठून आणल्या?’ असं विचारायला हरकत नाही. लेखकाने जवाची लिहिली असेल तर ‘वर्णनं फार’ हा शेरा आहेच.

‘युद्ध कोण जिंकलं हे माहीत असताना उत्कंठा कसली?’ हेही एकदा म्हणून टाका. महाभारताचा शेवट माहीत असूनही कीर्तनाला पुढे जाऊन बसणाऱ्या आजीचा दाखला कुणी दिला, तर पटकन चहाचा विषय काढा.

पण सगळ्यात वजनदार शेरा म्हणजे ‘हे काही पटत नाही’. तो जपून ठेवा आणि खऱ्या गोष्टींवर वापरा, फार शोभतो. हुआन पुजोल नावाचा स्पॅनिश गृहस्थ १९४१ मध्ये लिस्बनला बसून ‘मी इंग्लंडात आहे’ असे अहवाल जर्मनांना पाठवत होता. इंग्लंड पाहिलेलं नाही, हाताशी एक प्रवासी मार्गदर्शक पुस्तक. ग्लासगोत लिटरभर वाइनसाठी वाटेल ते करणारी माणसं आहेत, असं त्याने कळवलं. वाइन! स्कॉटलंडात! पौंड-शिलिंग-पेन्सची बेरीज जमेना म्हणून खर्चाचा तपशील पाठवायचा आणि एकूण रक्कम मागाहून कळवतो म्हणायचा. आमच्या लेखापरीक्षकांनी त्याला पहिल्या पावतीवर धरला असता. जर्मनांनी धरला नाही. पुढे ब्रिटिशांनी त्याला हाताशी घेतलं, त्याच्या कल्पनेतल्या हेरांची संख्या २७ वर गेली, त्यांचे पगार जर्मनांनी दिले आणि शेवटी जर्मनांचं ‘आयर्न क्रॉस’ पदक आणि ब्रिटिशांचा ‘एमबीई’ किताब, दोन्ही त्यालाच. कादंबरीत हे आलं असतं तर पुस्तक आपण ग्रंथपालांच्या टेबलावर आपटलं असतं.

नूर इनायत खानचंही तसंच. टिपू सुलतानाच्या वंशातली मुलगी, वीणा वाजवणारी, लहान मुलांसाठी जातककथा लिहिणारी, आणि जून १९४३ मध्ये फ्रान्समध्ये उतरून पॅरिसमधून ब्रिटिशांसाठी चोरून बिनतारी संदेश पाठवणारी. ‘मसाला जास्त झाला’ असंच कुणीही लिहील. तिच्या प्रशिक्षकानेही शेरा लिहिलाच होता: डोक्याने बेताची, या कामाला चालेल की नाही शंकाच आहे. तिच्या विभागाचे प्रमुख मॉरिस बकमास्टर यांनी त्याच कागदावर आपला उलट शेरा मारला, हे सगळं खोटं म्हणून. समासातली भांडणं तिथेही होती तर. तिला ऑक्टोबरमध्ये पकडलं आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउच्या छळछावणीत गोळी घातली. तिने तोंड उघडलं नाही.

कादंबरीत शेवट इतका पक्का मिळत नाही. फर्स्टचा नायक अनेकदा कुठल्यातरी गाडीत नाहीतर बोटीत बसतो आणि पुस्तक संपतं. पुढे तो वाचला का, त्या बाईचं काय झालं, काही पत्ता नाही. इथे ‘शेवट गुंडाळला’ असं लिहायची पद्धत आहे. मला मात्र खरोखरच वाटलं की शेवटचं पान कुणीतरी फाडलंय. तसं मी पुस्तक घेऊन ग्रंथपाल बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, बांधणी दोन बोटांनी उघडून पाहिली, आणि काही न बोलता पुस्तक फिरवून माझ्यासमोर धरलं. शेवटच्या ओळीखाली, बारीक, तिरकं, टोकदार शिशाचं:

‘पान फाटलेलं नाही. चौकशी केली आहे.’