कोटेशन डॉकमध्ये, होकार फोनवर

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांत हल्ली कोटेशन गूगल डॉकमध्येच बनतं. डिझाइन, सेल्स, अकाउंट्स, शेठ, सगळे एकाच फाइलवर. तरी ऑर्डर हातात पडली की 'ही अट मान्य कोणी केली?' हा प्रश्न हटकून निघतोच.

निघणारच. मजकूर डॉकमध्ये, चर्चा व्हॉट्सॲपवर आणि होकार फोनवर. "हा हा, मोकली दो!" म्हणजे पाठवून द्या. संपलं.

उशिराच्या दंडाची अट घ्या. आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त ५ टक्के, असं बहुतेक गिऱ्हाइकं लिहितात. पण मुदत मोजायची कधीपासून? ऑर्डरच्या तारखेपासून, की ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून? या एका ओळीत अख्ख्या कामाचा नफा जाऊ शकतो. ती कोणी बदलली आणि का, हे तिच्या शेजारीच दिसायला हवं. सोय आहे की! कमेंटमध्ये ॲट (@) लावून माणसाचा ईमेल टाका, 'असाइन'वर टिक करा. काम त्याच्या नावावर चढतं, त्याला मेल जातो. भाषेचं बंधन नाही. आमच्याकडे एकाच कमेंटमध्ये मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही नांदतात.

माझा खरा राग आहे तो 'ज्याच्याकडे लिंक, तो एडिटर' यावर. याला लोक मोकळेपणा म्हणतात, मी आळस म्हणतो. एडिटचा हक्क दोघांना पुरे. बाकीच्यांना कमेंटर करा, म्हणजे त्यांनी केलेला बदल सूचना म्हणून उमटतो आणि एडिटरनं स्वीकारल्याशिवाय मजकुरात शिरत नाही. हे २०१४ पासून आहे, तरी कित्येकांनी ते कधी वापरलेलंच नाही.

आमचे अकाउंट्सचे काका अजून प्रिंट काढून लाल पेनानं दुरुस्त्या करतात. पोरं हसतात. पण त्यांच्या कागदावर सही असते, तारीख असते. तुमच्या डॉकमध्ये असते का? गूगलच्या पैसे भरून घेतलेल्या काही बिझनेस प्लॅनमध्ये रीतसर मंजुरी मागता येते. ते नसेल तर निदान पीडीएफ पाठवायच्या दिवशी व्हर्जन हिस्टरीत त्या आवृत्तीला नाव द्या: 'आर २, पाठवलं' (आर म्हणजे रिव्हिजन). आणि शेठनी फोनवर हो म्हटलं, तर त्यांनाच लिंक पाठवून तो 'हो' कमेंटमध्ये लिहायला सांगा.

आमचे शेठ अजून चिडतात, पण लिहितात.