निळा ठिपका आणि शेवटचे शंभर मीटर

जगप्रवासाला मला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही, साहेबांची परवानगी तर नाहीच. चार्जर लागतो. जेवण झालं की आडवं व्हायचं, फोनवर गूगल मॅप उघडायचा, लेयर्सच्या बटणातून रस्त्यांचे चहूबाजूंचे फोटो दाखवणारं स्ट्रीट व्ह्यू चालू करायचं आणि जिथे निळ्या रेघा उमटतील तिथे बोट टेकवायचं. माचू पिच्चूचे जिने धाप न लागता चढता येतात. फेरो बेटांवरच्या लोकांनी तर २०१६ साली, कॅमेऱ्याची गाडी कधी येईल याची वाट बघण्यापेक्षा, मेंढ्यांच्या पाठीवरच चहूबाजूंचे फोटो काढणारे कॅमेरे बांधले. आपल्याकडे स्ट्रीट व्ह्यू २०२२ मध्ये आलं. पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिकबरोबर नगरही होतं.

मात्र पडल्या पडल्या अंतरं ठरवू नयेत. फोनच्या सपाट नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीस तोड दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका चौदा पट मोठी. पिन टाकून अंतर मोजण्याची सोयही कावळ्यांसाठी आहे. महाबळेश्वर ते पोलादपूर सरळ रेषेत वीसेक किलोमीटर भरतं, आंबेनळी घाटाने जवळजवळ दुप्पट.

खरे हाल सुरू होतात ते कुणाच्या तरी वास्तुशांतीला जायचं ठरलं की. यजमान म्हणतात, "लोकेशन पाठवलंय, चुकायचा प्रश्नच नाही." ते 'करंट लोकेशन' असतं, म्हणजे पाठवताना यजमान जिथे उभे होते ती जागा. ते तेव्हा केटररकडे ॲडव्हान्स द्यायला गेलेले असतात. मग सगळी पाहुणेमंडळी आहेर घेऊन केटररच्या दारात. 'लाइव्ह लोकेशन' पाठवलं तर ते पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांनी बंद पडतं, आणि तोवर यजमानांच्या मागे फुलवाल्याकडेही जावं लागतं.

बरं, नुसतं सोसायटीचं नाव टाकून निघावं, तर पिन इमारतीच्या मधोमध असते. मॅप तुम्हाला त्या पिनला जवळ पडणाऱ्या रस्त्यावर नेतो, आणि तो बहुधा मागचा असतो. "तुम्ही पोहोचला आहात" असं बाई ठामपणे सांगते. समोर आठ फुटी भिंत, वर काचा. गेट पलीकडच्या गल्लीत. म्हणून यजमानांनी नकाशा पुरेसा मोठा करून गेटवरच बोट दाबून धरावं, लाल पिन पडली की तीच शेअर करावी. तिथे दिसणारा प्लस कोड, म्हणजे त्या जागेचा अक्षर-आकड्यांतला छोटा पत्ता, तोही चालतो. तो जमिनीवरचा जो चौकोन दाखवतो, तो साधारण १४ मीटर बाजूचा असतो. इंडिया पोस्टने २०२५ मध्ये आणलेल्या डिजिपिन या अशाच कोडचा तर जेमतेम ४ मीटरचा. इतक्यात यजमान स्वतःच दिसायला हवेत.

आपण कुठे आहोत ते दाखवणाऱ्या निळ्या ठिपक्याचं म्हणाल, तर तो फारसा खोटारडा नाही. भोवतीचं फिकट निळं वर्तुळ हा त्याचा कबुलीजबाबच असतो: 'मी यात कुठेतरी आहे.' मोकळ्या आभाळाखाली ही चूक पाचेक मीटरची. उंच इमारतींमध्ये उपग्रहांचे सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतात, आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. पुलावर आहोत की पुलाखाली, हे तर त्याला नीट कळतच नाही, कारण उंचीचा अंदाज त्याहून कच्चा. तेव्हा फाटा यायच्या आत पाटी वाचावी. ठिपक्याचं तोंड भलतीकडे असेल तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. चौकात हे करताना माणूस रिक्षाची दृष्ट काढतोय असं वाटतं, पण होकायंत्र सुधारतं. कव्हरला लोहचुंबक असेल तर आधी ते काढा, नाहीतर दृष्ट काढून काही उपयोग नाही.

आणि गाडी चारचाकी असेल तर वरचं चिन्ह एकदा बघा. दुचाकीचं राहिलेलं असलं की मॅप आनंदाने अशा बोळात घालतो, जिथे आरसे मिटूनही भागत नाही आणि मागे तीन स्कूटर हॉर्न वाजवत असतात.

घाटापलीकडे जायचं तर घरच्या वायफायवरच प्रोफाइलच्या फोटोवर टिचकी मारून 'ऑफलाइन नकाशे' उघडा, हवा तेवढा चौकोन निवडा, उतरवून घ्या. रेंज गेल्यावर गाडीचा रस्ता त्यात मिळतो, पायी जायचा नाही. ट्रॅफिकही दिसत नाही, पण लागतं.

एवढं सगळं केलं की तुम्ही अगदी बरोबर गेटवर पोचता. वॉचमन वही पुढे सरकवून विचारतो, "फ्लॅट नंबर?" तो कुणी पाठवलेलाच नसतो, आणि यजमान पूजेला बसल्यामुळे फोन उचलत नाहीत.