वारा फुकट, शीड नाही

आमच्या माहेरच्या ग्रुपवर एकच मेसेज गेल्या महिन्यात तीन जणांनी टाकला. चौथ्यांदा तो मामेभावाने थेट मला पाठवला, खाली एक ओळ जोडून: "ताई, तू राहून आलीस ना? खरंय का हे?" मेसेजचा गोषवारा असा: "फ्लॅटचे हप्ते भरत मरण्यापेक्षा तो विका आणि जुनी शिडाची बोट घ्या. उष्ण कटिबंधातल्या बेटांवर फिरत राहा. वारा फुकट, मासे फुकट, पाणी समुद्राचं, वीज सूर्याची. बारा महिने उन्हाळा. व्हिसाची कटकट नाही, समुद्राला सीमा नसतात. रोज रविवार. आपल्या दिलीप दोंदेंनी जमवलं, मग तुम्ही का नाही?" सोबत निळंशार पाणी, पांढरी बोट आणि सरबताचा ग्लास.

नोव्हेंबर ते मे असे दोन हंगाम आम्ही नवरा-बायको एका मित्राच्या अडतीस फुटी बोटीवर होतो. पूर्व कॅरिबियनमध्ये, म्हणजे वेस्ट इंडिजच्या बेटांत, दक्षिणेला ग्रेनाडा, उत्तरेला मार्टिनिक, एवढाच आमचा पट्टा. जग वगैरे पाहिलं नाही. पण त्या बोटीवर भांडी घासली, तुंबलेला संडास उघडला आणि रात्री दोन वाजता नांगर धरलाय की सुटलाय ते पाहिलं. तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे असं धरून चालते.

"वारा फुकट." खरं आहे. डिसेंबर ते एप्रिल पूर्वेकडून व्यापारी वारे असे वाहतात की मुंबईच्या लोकलनेही वक्तशीरपणा शिकावा. पण वाऱ्याने बोट हलते ती शिडामुळे, आणि तिथलं ऊन शिडाची शिवण खातं. डोलकाठी उभी धरणाऱ्या पोलादी तारा साधारण दहा वर्षांनी बदला, असं विमावाले सांगतात. बोटीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून खास रंग लागतो. तो वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यायचा, म्हणजे बोट क्रेनने पाण्याबाहेर काढायची, आणि क्रेनवाला तासाप्रमाणे बिल लावतो. बोटवाल्यांचा जुना ठोकताळा आहे: बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी डागडुजीला बाजूला ठेवा. जुनी बोट स्वस्तात घेतली तर टक्केवारी वाढते, कारण दुरुस्तीला बोटीची किंमत माहीत नसते.

शिवाय इंजिन. सेंट व्हिन्सेंट, सेंट लुसिया ही उंच डोंगरांची बेटं. वारा पूर्वेकडून येतो आणि नांगर टाकायच्या बहुतेक जागा पश्चिमेला, म्हणजे डोंगराच्या आडोशाला. दोन बेटांमधल्या खाडीत वारा कानफटात मारतो आणि बेटाच्या आडोशाला शिरलं की शीड ओल्या धोतरासारखं लोंबतं. मग डिझेल जाळा. त्या दमट हवेत डिझेलच्या टाकीत पाणी साठतं, पाण्यात बुरशी वाढते आणि तिचा काळा चिखल फिल्टर बंद करतो. हे होतं ते हमखास बंदरात शिरताना.

"पाणी समुद्राचं, वीज सूर्याची." मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं की समुद्रात बादली टाकली की झालं. खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र असतं. ते समुद्राचं पाणी पन्नासपेक्षा जास्त बार दाबाने एका पडद्यातून ढकलतं. (सायकलच्या टायरमध्ये तीन-चार बार हवा असते.) तो पडदा लाडाचा जावई आहे: बंदरातलं तेलकट पाणी चालत नाही, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन चालत नाही, आणि वापरलं नाही तरी रुसतो. आम्ही तिघं मिळून दिवसाला पंचवीस-तीस लिटर गोडं पाणी वापरायचो. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी १३५ लिटर आहे. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात, मग गोड्या पाण्याचा शिडकावा. अंघोळ समुद्रात, वरून दीड लिटर गोडं. केस धुवायचा दिवस कॅलेंडरवर असायचा.

विजेतला सर्वात मोठा वाटा फ्रिज खातो. सौर पॅनेलवर डोलकाठीची हातभर सावली पडली तरी उत्पादन धाडकन खाली येतं, आणि नांगरावरची बोट वाऱ्याबरोबर फिरत असते, म्हणून सावलीही फिरते. संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो. पंखा की फ्रिज, असा प्रश्न मी लोडशेडिंगच्या दिवसांनंतर पहिल्यांदा तिथे ऐकला.

संडासाबद्दल थोडक्यात सांगते, कोणी जेवत वाचत असेल. समुद्राचं पाणी आणि मूत्र एकत्र आलं की पाइपात दगडासारखा थर चढतो. त्यावर व्हिनेगर ओतत राहायचं, आणि तरी एक दिवस पाइप काढून तो जेटीवर आपटायचा. फ्लॅटमध्ये या सगळ्यासाठी महापालिका, वीज कंपनी आणि सोसायटीचा प्लंबर असतो. बोटीवर ही तिन्ही खाती तुमच्याकडे.

आता मासे. मी मालवणची, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

कॅरिबियनमधल्या प्रवाळाच्या खडकांवर एक सूक्ष्म शैवाल वाढतं आणि त्यातून सिग्वाटेरा नावाची विषबाधा होते. बारीक मासा ते शैवाल खातो, त्याला मोठा मासा खातो, आणि विष साठत साठत बाराकुडा, मोठा ग्रूपर (आपल्या हेकरूचा भाऊबंद) अशा दांडग्या माशांत पोचतं. माशाला वास नाही, चव बदलत नाही. कितीही तळा, उकळा, फ्रिजरमध्ये ठेवा, विष जात नाही. आधी उलट्या-जुलाब, मग ओठांना मुंग्या, आणि चमत्कारिक म्हणजे थंड वस्तू हाताला गरम लागते. याचे त्रास आठवडे, कधी महिनेही राहतात. पहिल्या आठवड्यात गळाला हातभर बाराकुडा लागला. मी मनात मसाला वाटूनही टाकला होता. मित्राने न बोलता गळ कापला. त्या दिवशी आम्ही वरण-भात खाल्ला, आणि मी त्याच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही.

खडकापासून दूर, खोल पाण्यात चालत्या बोटीमागे गळ सोडून मिळणारे टूना (आपला कुपा), माही-माही हे त्या मानाने सुरक्षित. ते मिळालेही, पण रोज नाही. २०११ पासून तिथे सरगॅसम या तरंगत्या समुद्री शेवाळाचे तांडेच्या तांडे येतात. गळाला मासा लागण्याआधी ते लागतं. भाल्याने मासे मारावे म्हणाल, तर सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्समध्ये परदेशी माणसाला ते कायद्याने बंद आहे. आणि बेटावरच्या नारळाला मालक असतो, तसाच जसा देवगडच्या आंब्याला.

म्हणजे खातो ते बहुतेक विकत घेतलेलंच. पुठ्ठ्याचे खोके बोटीवर आणायचे नाहीत, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. कोबी टिकतो, पालक दोन दिवसांत वारतो, पापड कधीच कुरकुरीत होत नाही. आमचा संसार तारला तो कुकरने: झाकण बंद असल्यामुळे बोट कलंडली तरी भात कुकरातच राहतो, आणि गॅस कमी लागतो. ग्रेनाडात १८५७ पासून भारतातून मजूर आले, त्यामुळे डाळी आणि हळद मिळते, रस्त्यावर बटाटा-चण्याची भाजी गुंडाळलेली रोटीही मिळते. कुकरची रिंग मात्र मिळाली नाही. आमची एप्रिलमध्ये फाटली.

"बारा महिने उन्हाळा." १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम. ग्रेनाडा इतकं दक्षिणेला आहे की तिथे वादळ येत नाही, असा समज होता. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन वादळाने तो मोडला. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ ग्रेनाडाच्याच करियाकू बेटावर आलं. तिथल्या टिरेल उपसागरात वादळापासून वाचण्यासाठी तिवरांत शिरून बांधलेल्या बोटी एकमेकींवर चढल्या. म्हणून शहाणे बोटवाले जूनपूर्वी बोट त्या पट्ट्याबाहेर नेतात किंवा जमिनीवर घट्ट बांधून ठेवतात. आपले कोळी पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारतात, त्याचंच महागडं रूप. त्यांना "बारा महिने" कोणी शिकवू नये.

"व्हिसाची कटकट नाही." समुद्राला सीमा नसेल, पासपोर्टला असते. प्रत्येक नव्या देशात शिरताना पिवळा झेंडा वर, मग कप्तान कागद घेऊन कस्टम आणि इमिग्रेशनकडे. शिक्के पडेपर्यंत बाकीच्यांनी बोटीवरच बसायचं. आम्ही होतो तेव्हा ग्रेनाडा आणि सेंट व्हिन्सेंटला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागला नाही. मार्टिनिक फ्रान्सचंच, तिथे युरोच चालतो, पण युरोपात फिरायचा शेंगेन व्हिसा सहसा पुरत नाही. वेगळा काढावा लागतो. हे मेसेज लिहिणाऱ्याच्या पासपोर्टवर अवलंबून असणार. मूळ मजकूर कुठल्या तरी श्रीमंत देशातल्या माणसाचा आणि भाषांतर आपलं, असा मला संशय आहे.

"दिलीप दोंदेंनी जमवलं." जमवलंच, आणि मान ताठ व्हावी असं जमवलं. पण दोंदे नौदलाचे अधिकारी. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात ते 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवरून एकट्याने मुंबईहून निघून, चार थांबे घेत, जगाला फेरी मारून मुंबईला परतले. बोट गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, पाठीशी अख्खं नौदल, आणि वाट दक्षिण गोलार्धातल्या थंड, खवळलेल्या समुद्रातून केप हॉर्नला वळसा घालून. बेटांवरच्या सरबताशी तिचा काय संबंध? एव्हरेस्ट चढणाऱ्याचं नाव घेऊन महाबळेश्वरला बंगला विकण्यासारखं आहे हे.

राहिला "रोज रविवार". वारा एकीकडून आणि लाट दुसरीकडून आली की बोट रात्रभर पाळण्यासारखी हलते, पण पाळण्यात मोठ्या माणसाला झोप येत नाही. मध्यरात्री पावसाची सर येते, वारा दुप्पट होतो, आणि सगळ्या बोटींवर एकेक डोकं वर येतं: आपला नांगर घसरला का, शेजारच्याचा? दिवसा पाणी नितळ असतं, म्हणून मी पोहत जाऊन नांगर वाळूत रुतलाय का ते पाहायचे. त्या दहा मिनिटांत खाली एखादं कासव चरत असायचं. फोटोतलं निळं पाणी खोटं नाही, एवढं मेसेजच्या बाजूने सांगते.

हे सगळं मामेभावाला तुकड्यातुकड्यांत लिहून पाठवलं. त्याने अंगठा दाखवला आणि विचारलं, "मग परत जाणार नाहीस ना?" नोव्हेंबरची तिकिटं काढली आहेत. या वेळी कुकरच्या तीन रिंगा नेतेय.