‘चिंकी म्हटलं तर गुन्हा कसला?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस ‘चिंकी’ या ईशान्येकडच्या लोकांना हिणवणाऱ्या शब्दाबद्दल एक मेसेज फिरतोय. ‘वांशिक शिवी म्हणजे नुसती शिवी. हेट स्पीच (द्वेष पसरवणारं बोलणं) व्हायला दंगल पेटावी लागते. अमेरिकेत तर सगळं चालतं. आणि ईशान्येकडच्या लोकांना ॲट्रॉसिटी लागूच होत नाही.’ चार वाक्यं आहेत. मला सगळ्यांत जास्त चौथ्यावर बोलायचंय.

गेल्या वर्षी पुण्यात मी एका मैत्रिणीबरोबर पोलीस चौकीत गेले होते. ती अरुणाचलची, आपातानी जमातीची. तिचा वर्गमित्रही सोबत होता, मणिपूरमधल्या इंफाळचा, तिथल्या मैतेई समाजाचा. चहाच्या टपरीपाशी दुचाकीवरच्या दोघांनी ‘ए चिंकी, मोमो कितीला?’ ओरडत त्यांच्याभोवती दोन चकरा मारल्या होत्या. टपरीवरची सात-आठ माणसं बघत होती, त्यातली काही हसलीही. मैत्रिणीने गाडीचा नंबर तळहातावर लिहून आणला होता. हवालदार म्हणाले, ‘‘मारलं तर नाही ना? मग सोडून द्या, ताई.’’

म्हणजे मेसेजचं पहिलंच वाक्य. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच पटतं. आपल्या फौजदारी संहितेत हेट स्पीचची व्याख्या नाही. विधी आयोगाने मार्च २०१७च्या २६७व्या अहवालात त्यासाठी वेगळी कलमं सुचवली होती, ती नव्या भारतीय न्याय संहितेतही आली नाहीत. पण एखाद्या गोष्टीला कायद्यात ते नाव नाही म्हणून तो गुन्हाच नाही, हे कुठून आलं? चिथावून शांतताभंग व्हावा अशा हेतूने केलेला अपमान याच संहितेच्या कलम ३५२ खाली येतो. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

दंगलीचं म्हणणं तर साफ चूक. जुन्या दंडसंहितेचं १५३अ, म्हणजे नव्या संहितेचं कलम १९६, धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात अशा कारणांवरून गटागटांत वैर पसरवण्याचा नुसता प्रयत्नही गुन्हा ठरवतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हे मात्र मान्य करायला हवं की एकट्यादुकट्याला हासडलेली शिवी या कलमात सहसा बसत नाही. बिलाल कालू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितलं की यात किमान दोन समुदाय गुंतलेले असावे लागतात आणि आरोपीचा तसा हेतू असावा लागतो. पण ‘हे सगळे चिनी, यांना कसले नागरिकांचे हक्क’ असं जाहीरपणे म्हणणाऱ्याने कलम १९७ वाचावं. वंशावरून एखाद्या गटाचे नागरिक म्हणून असलेले हक्क नाकारावेत असं म्हणणं, हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. २०२०च्या मार्चमध्ये रस्त्यारस्त्यावर ईशान्येच्या मुलांना ‘कोरोना’ म्हणून हिणवलं गेलं, तेव्हा गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र पाठवावं लागलं होतं.

अमेरिकेचं बरंचसं खरं आहे. २०१७ साली ‘मटाल विरुद्ध टॅम’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आशियाई लोकांसाठीची शिवी बँडचं नाव म्हणून नोंदवायला परवानगी दिली. पण तिथेही धमकीला संरक्षण नाही, आणि मारहाण वंशद्वेषातून झाली असेल तर शिक्षा वाढवता येते. शिवाय पुण्यातल्या टपरीला अमेरिकेची राज्यघटना लागू नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये बोलण्याच्या स्वातंत्र्यावरचे वाजवी निर्बंध लिहिलेले आहेत.

आता चौथं, ॲट्रॉसिटीचं, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या कायद्याचं. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीचा, लोकांच्या नजरेसमोर, तिला हिणवण्याच्या हेतूने केलेला अपमान हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) खालचा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. ‘चिंकी’ हे जातीचं नाव नाही, म्हणून जातिवाचक शिवीगाळीचं पुढचं पोटकलम इथे थेट बसणार नाही. पण (आर) मध्ये जातीचं नाव उच्चारायची अट नाही. गृह मंत्रालयाने २०१२ मध्येच राज्यांना कळवलं होतं की या शब्दासाठी हा कायदा लावता येतो. ‘जमात अरुणाचलची, महाराष्ट्रात कुठे चालते?’ याचंही उत्तर आहे. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवलं की या कायद्याचं संरक्षण माणसाबरोबर राज्याची हद्द ओलांडून येतं.

अटी आहेत. बंद खोलीत, बाहेरचं कुणी नसताना बोललेलं यात येत नाही. हितेश वर्मा खटल्यात, २०२० साली, सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं. समोरचा जमातीचा आहे म्हणून अपमान झाला, हेही दाखवावं लागतं. आमच्याकडे टपरीवरची सात-आठ माणसं होती आणि शब्द ‘चिंकी’ होता.

पण त्या दिवशी माझ्या मनात घर करून राहिला तो इंफाळचा मुलगा. मैतेई अनुसूचित जमातीत नाहीत. तोच शब्द, तीच टपरी, तीच दुचाकी. तिच्यासाठी ॲट्रॉसिटी लागू शकते, त्याच्यासाठी नाही. ही फट जुनी आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचलच्या नीडो तानियाच्या केसांवरून टिंगल झाली, वाद वाढला, मारहाण झाली आणि तो गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलम मागितलं, ज्यात जमातीचा दाखला लागला नसता. नवी संहिता १ जुलै २०२४ला लागू झाली. ते कलम तिच्यात नाही.

आम्ही तिघं दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार घेऊन परत गेलो. तिच्या अर्जात ३(१)(आर) लिहिलं, त्याच्या अर्जात ३५२. तळहातावरचा नंबर तोवर पुसट झाला होता, पण वाचता येत होता.