‘कोवळ्या वयात हे कशाला?’ विचारणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘अमेरिकेतल्या शाळांत आपल्या मुलांच्या डोक्यात काय भरवतात ते वाचा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मला तो आधीही आला होता, तेव्हा न वाचताच पुढे गेले. या वेळी मामांनी तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला, आणि तोही नेमका माझ्या भाचीच्या लिखाणाखाली. ती व्हर्जिनियात अकरावीला आहे. त्यांच्या वर्गाला फार्मव्हिल गावी नेलं होतं. तिथल्या जुन्या मोटन हायस्कूलचं आता संग्रहालय झालंय. ते बघून आल्यावर मुलांनी पानभर लिहायचं होतं. तिच्या आईनं कौतुकानं ते पान ग्रुपवर टाकलं, आणि त्यावर पोरीला आजोबांकडून हा प्रसाद मिळाला.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. गुलामगिरी १८६५ सालीच संपली, मढी उकरून काय मिळणार? गुलामगिरी सगळ्याच देशांत होती. शाळांत गोऱ्या मुलांना उभं करून माफी मागायला लावतात. पंधरा-सोळा वर्षांच्या कोवळ्या पोरांवर असलं ओझं टाकू नये. आणि आपण भारतीय तिथं रिकाम्या हातांनी गेलो, मेहनतीवर वर आलो, मग बाकीच्यांना काय धाड भरली होती?

वयाचा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यांत जास्त हसू मला त्याचंच आलं. रागही त्याचाच आला.

मामा, ज्या शाळेबद्दल पोरीनं लिहिलंय तिथं काय झालं ते वाचलंत का? मोटन हायस्कूल १९३९ साली बांधलं ते १८० मुलांसाठी. कृष्णवर्णीय मुलांची शाळा. १९५१ पर्यंत तिथं साडेचारशेच्या आसपास मुलं कोंबली होती. नवी इमारत मागितली तर काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, आवारात लाकडी सांगाडे उभे करून त्यांना डांबरी कागद ठोकून दिला. लोक त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणत. आत एक शेगडी. शेगडीजवळची मुलं घामाघूम, लांबची कोट घालून बसलेली, आणि पाऊस आला की वर्गात छत्र्या उघडायच्या. त्याच गावात गोऱ्या मुलांच्या शाळेला व्यायामशाळा होती, उपाहारगृह होतं. इथं दोन्ही नाही.

२३ एप्रिल १९५१ या दिवशी बार्बरा जॉन्स नावाच्या मुलीनं मुख्याध्यापकांना खोट्या निरोपानं गावात पाठवलं, त्यांच्या नावानं चिठ्ठ्या फिरवून सगळी शाळा सभागृहात जमवली, शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि संप पुकारला. तिचं वय सोळा. पायातला बूट काढून बाकावर आपटत ती बोलली, असं सांगतात. मुलांनी मदतीला बोलावलेले नागरी हक्कांसाठी लढणारे वकील म्हणाले, नुसती इमारत मागणार असाल तर आम्ही येत नाही, वेगळ्या शाळांच्या पद्धतीलाच आव्हान देणार असाल तर येतो. मुलांनी ते मान्य केलं. ११७ विद्यार्थ्यांच्या वतीनं दावा दाखल झाला. खटल्याला जिचं नाव आहे ती डोरोथी डेव्हिस नववीत होती. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या ‘ब्राउन’ निकालानं शाळांमधली वर्णावरची फारकत घटनाबाह्य ठरवली, त्यात एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी हा एक. आणि तो एकटाच शाळकरी मुलांनी स्वतःहून सुरू केलेला होता. बार्बराला जिवाच्या भीतीनं घरच्यांनी अलाबामात काकांकडे पाठवून दिलं.

वय बघायचंच तर बाकीचीही बघा. मॉन्टगोमेरीत बसमधली जागा सोडायला नकार दिल्याबद्दल मार्च १९५५ मध्ये अटक झालेली क्लॉडेट कॉल्व्हिन पंधरा वर्षांची होती, याच कारणावरून अटक होऊन गाजलेल्या रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी. त्याच ऑगस्टमध्ये मिसिसिपीत गोऱ्यांनी ठार मारलेला कृष्णवर्णीय मुलगा एमेट टिल चौदाचा. म्हणजे चौदाव्या वर्षी मारला जायला वय चालतं, पंधराव्या वर्षी तुरुंगात जायला चालतं, आणि सोळाव्या वर्षी वातानुकूलित वर्गात बसून त्याबद्दल पानभर लिहायला मात्र चालत नाही? हा कोवळेपणा नेमका कोणाचा जपायचाय?

‘१८६५ सालीच संपलं’ या मुद्द्याचा समाचारही याच गावात होतो. न्यायालयानं शाळा एकत्र करा म्हटल्यावर फार्मव्हिल ज्या काउंटीत येतं त्या प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या मंडळानं १९५९ साली काय केलं असेल? शाळांसाठीचा करच लावला नाही. कर नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून सार्वजनिक शाळा बंद. गोऱ्यांसाठी लगेच खाजगी शाळा उभी राहिली, तिला देणगी देणाऱ्याला काउंटीच्या मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट, आणि फीसाठी सरकारी अनुदान. ज्या गोऱ्या घरांना एवढं करूनही फी परवडेना त्यांचीही पोरं घरी बसली, त्यांची कोणी आठवण काढत नाही. कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीच नाही. कोणी नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी गेली, काहींना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी दूरच्या राज्यांत कुटुंबं शोधून दिली, बाकीची शेतात नाहीतर घरात. १९६३ साली देणग्यांवर तात्पुरत्या शाळा निघाल्या. सार्वजनिक शाळा १९६४ मध्ये उघडल्या, तेही सर्वोच्च न्यायालयानं दांडका घातल्यावर.

हे मी कुणा चळवळ्याच्या भाषणातून सांगत नाहीये. या शाळाबंदीवरच्या ‘ग्रिफिन’ खटल्याचा २५ मे १९६४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलेला. नेटवर फुकट मिळतो, फार लांबही नाही. कराची सूट, अनुदान, कुलूप, सगळं त्यात आहे. ‘सावकाश करू’ म्हणण्याची मुदत आता संपली, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. ज्यांना हा लेख पटत नाही त्यांनी मला उत्तर देण्याआधी तो वाचावा. शाळा बंद झाल्या त्या वेळी जी पहिलीत जायची होती आणि गेली नाहीत, ती मुलं आज सत्तरी ओलांडलेली माणसं आहेत. मामांच्याच वयाची. मढं कसलं उकरताय म्हणता?

माफी मागायला लावण्याबद्दल: भाचीच्या पानावर माफीचा किंवा अपराधीपणाचा एक शब्द नाही. तिनं विचारलंय ते एवढंच, की त्या मंडळाच्या सभेला जे बसले होते त्यांच्यापैकी कोणाची मुलं मोटनमधल्या मुलांना ओळखत असतील का, आणि घरी जेवताना ते काय बोलले असतील. मला तर हा प्रश्न पुष्कळ मोठ्यांच्या लेखांपेक्षा बरा वाटला. काही शिक्षक हा विषय बोजड करून शिकवत असतील, ते मी नाकारत नाही. वाईट शिक्षक गणितालाही असतात. पण सक्ती उलट्या बाजूनं झाली हे फॉरवर्डवाल्याला माहीत नसावं. त्याच व्हर्जिनियात जानेवारी २०२२ मध्ये राज्यपाल ग्लेन यंगकिन यांनी पदावर बसल्याच्या पहिल्याच दिवशी, ‘फूट पाडणाऱ्या संकल्पना’ शाळांतून काढण्याचा आदेश काढला. मग पालकांनी शिक्षकांच्या तक्रारी कळवाव्यात म्हणून ईमेलचा पत्ताही दिला.

‘गुलामगिरी सगळीकडे होती’ हे खरं आहे. मान्य करावंच लागेल. आफ्रिकेतल्या राजांनी माणसं विकली, अरबांनी नेली, आणि आपल्या दख्खनेत मलिक अंबर आला तोही विकला जाऊनच. पण तोच अंबर पुढे निजामशाही चालवतो आणि खडकी वसवतो, तिचं पुढे औरंगाबाद झालं. व्हर्जिनियात १६६२ साली कायदाच केला, की आई गुलाम तर मूल गुलाम. जन्मावरून माणसाची पायरी कायमची ठरवणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला परक्यानं समजावून सांगायला नको. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना तो विषय आपला वाटला.

आता राहिली आपली मेहनत. रिकाम्या हातांनी कोण गेलं होतं? सरकारी खर्चानं चाललेल्या कॉलेजांच्या पदव्या हातात होत्या, आणि तिथला कायदाही त्याच पाहून घेत होता. त्याआधी मेहनती भारतीय तिथं गेले नव्हते असं नाही. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तुम्ही ‘गोरे’ नाही, नागरिकत्व नाही. त्यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते, नावावरून तरी आपल्याकडचेच वाटणारे. सरकार मग पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं, ते त्यांनी कोर्टात झगडून राखलं. सान फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई यांना ते जमलं नाही. नागरिकत्व गेलं, आणि १९२८ साली त्यांनी जीव दिला.

१९४६ पासून अमेरिकेत स्थायिक व्हायला भारतीयांना वर्षाला १०० जागा मिळू लागल्या. साऱ्या देशाला मिळून शंभर. दार उघडलं ते ऑक्टोबर १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं. नागरी हक्कांचा कायदा जुलै १९६४ चा, मतदान हक्काचा ऑगस्ट १९६५ चा, आणि लगेच हा. अध्यक्ष एकच, लिंडन जॉन्सन. वर्णावरून माणसं निवडणं लाजिरवाणं आहे असं तिथल्या संसदेला वाटायला लावलं ते रस्त्यावर उतरलेल्या कृष्णवर्णीयांनी, आणि त्यांत शाळकरी पोरं होती. आपल्या नात्यातलं पहिलं माणूस तिकडे गेलं ते त्यानंतर, मामा.