शब्दकोश घरीच ठेवा, तोंडओळख पुरे

इस्तंबूलला निघालात? उत्तम. बॅगेत मेतकूट घ्या, लसणाची चटणी घ्या, चकल्या तर घ्याच. शब्दकोश मात्र नको, उगाच वजन. तुर्की म्हणजे जवळजवळ आपलीच भाषा. दुकानाला ते 'द्युक्क्यान' म्हणतात, साबणाला 'साबून', आठवड्याला 'हाफ्ता'. अरबी-फारसीच्या एकाच वाण्याकडून दोन्ही घरांनी उधारीवर माल उचललेला. मग शिकायचं काय उरलं? शब्दाचं तोंड ओळखीचं दिसलं की खुशाल गळ्यात पडा.

सुरुवात हॉटेलात करा. पोराला लागली आहे, पोर संस्कारी आहे, ते वेटरला हाक मारतं, "काका, सू!" आता तुर्कीत 'सू' म्हणजे पाणी, आणि 'काका' म्हणजे तिथली बाळं लंगोटात जे करतात ते. वेटर पाण्याची बाटली आणतो आणि जरा लांबूनच ठेवतो. पोर पाणी पितं. दहा मिनिटांनी पुन्हा 'सू', पुन्हा बाटली. चालू द्या. पुढे पॅरिस, माद्रिद, बर्लिन करणार असाल तर तिथेही अनोळखी माणसाला मोठ्याने 'काका' म्हणा. या एका शब्दावर फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन आणि तुर्क यांचं दुर्मीळ एकमत आहे.

मग बाजारात जा. गालिचेवाला 'फर्सात' म्हणेल. तुम्ही सांगा, "फुरसत आहे हो, आठ दिवसांची रजा टाकून आलोय." तो बिचारा 'संधी' म्हणत असतो. 'तेक्लिफ' म्हणाला तर "छे, तकलीफ कसली!" म्हणून मान डोलवा. तो प्रस्ताव होता. गालिचा एव्हाना गुंडाळून झालेला असेल. तुम्ही 'नाझिक' आहात असं म्हणाला, तर दंड फुगवून दाखवा, म्हणजे आपण नाजूक नाही हे त्याला कळेल. (तो 'सभ्य' म्हणाला होता.) यावर तो 'गारिप' असं पुटपुटेल. लगेच पाकीट उघडून नोटा दाखवा. 'गारिप' म्हणजे विचित्र, आणि या क्षणी त्याचं काही चुकत नाही.

ही कला आपल्यालाच येते असं मात्र समजू नका. अंताल्याच्या किनाऱ्यावर रशियन पर्यटकांची जत्रा असते आणि तिथल्या बसथांब्यांच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं 'दुराक'. तुर्कीत थांबा, रशियनमध्ये मूर्ख. अशा पाटीखाली नवऱ्याला उभं करून फोटो काढायला भाषा यावी लागत नाही. तिथेच एखादा रशियन चिडून "कुलाक!" म्हणाला, तर तो मूठ दाखवतोय. तुर्क मात्र कान पुढे करेल, कारण त्याच्याकडे कुलाक म्हणजे कान. दोघांचंही काम एका फटक्यात. क्रोएशियातल्या झाग्रेबचा माणूस भेटला की हसून 'बोक' म्हणतो, तो त्यांचा रामराम. तुर्कीत बोक म्हणजे पुन्हा आपले काकाच, पण मोठ्यांच्या तोंडी.

परक्यांचं सोडा, सख्ख्या भावंडांत तरी बरं असेल? तुर्की आणि अझरबैजानी या दोन भाषा इतक्या जवळच्या, की माणसं आपापली भाषा बोलून गप्पा मारतात. अझरबैजानच्या बाकूत 'दुश्मेक' म्हणजे खाली उतरणं आणि अंकारात पडणं. विमान बाकूला 'उतरतंय' अशी घोषणा ऐकून तुर्की प्रवासी देवाचा धावा करतात, हा तिकडचा लाडका विनोद. बाकूत 'सुबाय' म्हणजे अविवाहित, अंकारात लष्करी अधिकारी. मुलीसाठी स्थळ बघत असाल तर दोन्ही अर्थ एकदम घ्या, फायदाच आहे.

देशाभिमान जागवायचा असेल तर मेनूकार्ड उघडा. तिथे 'हिंदी' मिळते, भाजलेली. हा म्हणजे टर्की पक्षी, मूळचा मेक्सिकोकडचा. इंग्रजांनी तो तुर्कांच्या नावावर घातला, तुर्कांनी आपल्या. फ्रेंचांनी 'दँद' म्हणजे 'हिंदचा' केला, डचांनी 'काल्कून' म्हणत थेट कालिकतला पाठवला, पोर्तुगीजांनी नाव ठेवलं 'पेरू'. लिस्बनमध्ये अर्धा किलो पेरू मागून तिखट-मीठ लावून द्यायला सांगा आणि काय हातात पडतं ते बघा. इंग्रजीत आपल्या देशाचं नाव पक्ष्यासारखं वाटतं म्हणून तुर्कांनी २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडून ते 'तुर्किये' करून घेतलं. त्यांच्या ताटातली हिंदी तशीच राहिली. आपण काही हरकत घेतली नाही. घेऊनही उपयोग नव्हता. त्यांच्याकडे 'हारेकेत' म्हणजे नुसती हालचाल.

एवढी तयारी झाली की प्रवासी राहू नका, संशोधक व्हा. दोन भाषांतले दोन शब्द घ्या, स्वर हवे तसे वाका म्हणा, व्यंजनं ऐकत नसतील तर गाळा. हा राजमार्ग आहे, अगदी राजवाड्यातून गेलेला. १९३६ मध्ये इस्तंबूलच्या दोल्माबाहचे राजवाड्यात तिसरी तुर्की भाषा परिषद भरली आणि परदेशी विद्वानांसमोर 'सूर्यभाषा सिद्धान्त' मांडला गेला. आदिमानवाने सूर्याकडे बघून 'आ' केला, तो तुर्कीत केला, आणि जगातल्या भाषा त्यातून निघाल्या. ठिणगी टाकली होती व्हिएन्नाच्या क्वेर्गिच नावाच्या गृहस्थांनी पाठवलेल्या टिपणाने. हसू नका, सोय बघा. १९३२ पासून अरबी-फारसी शब्द हाकलण्याची मोहीम इतकी जोरात चालली होती, की लोकांची बोलती बंद व्हायची वेळ आलेली. सगळेच शब्द मुळात तुर्की ठरल्यावर हाकलायचं कुणाला? १९३८ मध्ये या सिद्धान्ताचे पाठीराखे, तुर्कांचे राष्ट्राध्यक्ष अतातुर्क गेले, सूर्यही मावळला. त्या काळातला 'ओकुल' म्हणजे शाळा हा शब्द मात्र अजून नांदतो आहे. तुर्की 'ओकु' म्हणजे वाच, आणि तोंडवळा फ्रेंच 'एकोल'चा.

आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॅटिकनची 'वाटिका' केव्हाच झाली आहे, तेव्हा घाई करा, चांगले देश संपत आले. व्याख्यान ठेवाल तेव्हा खऱ्या भाषाशास्त्रज्ञाला बोलावू नका. तो माणूस येऊन सांगेल, की संस्कृत 'चक्र' आणि इंग्रजी 'व्हील' एका पोटचे, आणि इंग्रजी 'बॅड' व फारसी 'बद' यांचा अर्थ एक, तोंड एक, पण नातं काडीचं नाही. अशाने श्रोते उठून जातात.

परतण्याआधी एखाद्या थिएटरात जुना तुर्की सिनेमा बघा. शेवटी पडद्यावर एस, ओ, एन अशी तीन अक्षरं येतील. रशियनाला ती झोप वाटेल, फ्रेंचाला आवाज, तुम्हाला इंग्रजी येतं म्हणून मुलगा. दिवे लागतील, लोक उठतील, झाडूवाला रांगेत शिरेल. तुम्ही बसून राहा. मुलगा येईलच इतक्यात.